छतावरच्या सोलरचा हिशेब अर्ध्या वाटेत बदलू नका : वीज नियामक आयोगाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र वीज नियामक आयोग,
कफ परेड, मुंबई

विषय : घरगुती सोलर ग्राहकांच्या नेट मीटरिंगच्या अटींना मुदतीची हमी मिळण्याबाबत

महोदय,

मागणी एकच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. नेट मीटरिंग म्हणजे दुपारी ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, दिलेली वीज रात्री घेतलेल्या विजेतून वजा करणं. ज्या घराने एका विशिष्ट नियमाखाली छतावर सोलर बसवलं, त्या घराचा हिशेब ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याच नियमाने व्हावा. पुढे बसवणाऱ्यांसाठी नियम बदला, जरूर बदला. पण ज्याचे पैसे आधीच छतावर जाऊन बसलेत, त्याच्या पायाखालची सतरंजी ओढू नका.

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेला माणूस. सोलरमधला तज्ज्ञ नाही. पण आकडेमोडीची सवय सुटत नाही, त्यामुळे आमच्या कॉलनीत कोणाला सोलर बसवायचं असलं, की व्हेंडरचं कोटेशन आणि वर्षभराची बिलं घेऊन माणूस माझ्या ओट्यावर येतो. कर्ज विभागात आम्ही अर्जदाराला पहिला प्रश्न एकच विचारायचो : फेड कुठून होणार? सोलरच्या बाबतीत याचं उत्तर वीजबिलात दडलेलं असतं. पॅनल पगार देत नाही, भाडं देत नाही. तो फक्त बिल वाचवतो. आणि बिल किती वाचतं, हे सूर्यावर जेवढं अवलंबून आहे त्याहून जास्त आपल्या विनियमांवर अवलंबून आहे.

एक हिशेब मांडतो. 2024-25 चे दर धरतो, कारण छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत उतरलेल्या कितीतरी घरांनी तेच दर समोर ठेवून निर्णय घेतला. वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा खर्च) धरून पहिल्या 100 युनिटला 5 रुपये 88 पैसे, 101 ते 300 ला 11 रुपये 46 पैसे, 301 ते 500 ला 15 रुपये 72 पैसे. महिन्याला 300 युनिट जाळणाऱ्या घराचे झाले 2,880 रुपये. त्यावर 16 टक्के विद्युत शुल्क धरलं की 3,340. स्थिर आकार वेगळा, तो सोलर बसवलं तरी चुकत नाही. ‘शून्य बिल’ हा व्हेंडरच्या फलकावरचा शब्द आहे, बिलावरचा नव्हे.

आता तीन किलोवॉटचा सोलर बसवला. आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चारेक युनिट धरतात. पावसाळा वजा जाता 300 युनिटांची गरज त्यातून आरामात भागते. खर्च एक लाख नव्वद हजार धरू. अनुदान मिळवायचं तर देशी सेलचेच पॅनल लागतात आणि ते आयातीपेक्षा महाग पडतात, म्हणून हा आकडा मी मुद्दाम हात आखडून धरलेला नाही. त्यातून केंद्राचे 78 हजार वजा झाले की खिशातून गेले एक लाख बारा हजार. वर्षाला चाळीस हजार वाचले तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. लाखभराचं कर्ज पाच वर्षांसाठी साडेसहा टक्क्यांनी काढलं, तर हप्ता साधारण 1,950 रुपये येतो. बचत 3,340, हप्ता 1,950. माझ्या जुन्या खुर्चीवर असतो तर मी हे प्रकरण डोळे झाकून मंजूर केलं असतं.

पण या सगळ्या हिशेबाला एकच खुंटी आहे : दुपारी ग्रिडला दिलेलं एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटाबरोबर फिटतं. ही खुंटी काढा आणि पाहा काय होतं.

नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत. घराचं कुलूप संध्याकाळी सहाला उघडतं. 300 पैकी फार तर 90 युनिट सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान वापरली जातात : फ्रिज, पाण्याची मोटर, रविवारचं वॉशिंग मशीन. उरलेली 210 रात्रीची. दिवसाची वीज फक्त दिवसाच्याच वापरातून वजा करायची असं ठरलं, तर या घराला 210 युनिटांचं बिल भरावं लागेल, म्हणजे शुल्कासह 2,144 रुपये. जास्तीच्या 210 युनिटांचे तीन रुपयांच्या आसपासच्या दराने 630 मिळतील. एकूण फायदा 3,340 वरून 1,826 वर. म्हणजे हप्त्याच्याही खाली. पॅनल तेच, ऊन तेच, छत तेच. बदलला तो फक्त कागद.

हा काही माझ्या मनचा खेळ नाही. 2025 च्या सुरुवातीला महावितरणच्या बहुवर्षीय दरयाचिकेतून याच दिशेचा प्रस्ताव पुढे आला होता आणि राज्यभरातून त्यावर हरकती गेल्या. त्यानंतरचा घटनाक्रम आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. 28 मार्चला आपला आदेश आला, काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली, 25 जूनला फेरआढाव्याचा आदेश निघाला आणि 1 जुलैपासून नवे दर लागू झाले. त्या तीन महिन्यांत ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : ‘काका, आता बसवू की थांबू?’ या आदेशांतून घरगुती ग्राहक किती बचावला हा माझा मुद्दा नाही. आज बचावला तरी तोच प्रस्ताव पुढच्या याचिकेत नव्या कपड्यात येऊ शकतो, आणि दहा वर्षांचं कर्ज काढलेल्या माणसाने प्रत्येक याचिकेला देव पाण्यात घालून बसायचं का, हा आहे.

महावितरणची बाजू मला कळत नाही असं समजू नका. ती खरी आहे, आणि सोलर संघटनांच्या पत्रकांत ती सांगितली जात नाही, म्हणून मीच सांगतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून 16 हजार मेगावॉट उभं करायचं ठरलंय. ती वीज तीन रुपयांच्या आसपास पडते, आणि तीही दुपारचीच. म्हणजे दुपारी विजेचा सुकाळ आणि संध्याकाळी सात वाजता, राज्यभरात दिवे-टीव्ही-एसी एकदम लागतात तेव्हा, महागड्या विजेची शोधाशोध. अशा वेळी माझं दुपारचं युनिट घेऊन रात्रीचं युनिट फुकट देणं म्हणजे स्वस्त माल घेऊन महाग माल देणं, हे कोणत्याही दुकानदाराला परवडणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. आपली स्लॅबची रचनाच अशी आहे की तीनशेच्या वर जाळणारा ग्राहक शंभरच्या आतल्याचा भार उचलतो. सोलर आधी बसवतो तो हाच वरच्या स्लॅबवाला, कारण त्याचं एक युनिट पंधरा-सोळा रुपये वाचवतं आणि खालच्या स्लॅबवाल्याचं सहा. वरचा निघून गेला की त्याचा भार कोणावर? ज्याला छतच नाही त्याच्यावर.

केंद्राचाही रेटा आहेच. ग्राहक हक्क नियमांत जून 2023 मध्ये दुरुस्ती झाली : सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवा, सर्वाधिक मागणीच्या तासांत जास्त लावा, आणि शेती सोडून बाकी सगळ्यांना उशिरात उशिरा 1 एप्रिल 2025 पासून. गंमत अशी, की त्याच केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये 75,021 कोटींची सूर्यघर योजना आणून एक कोटी घरांना 300 युनिट मोफत विजेचं आमंत्रण दिलं. एक खातं दुपारची वीज पिकवायला पैसे देतंय, दुसरं दुपारच्या विजेचा भाव पाडतंय. वेगवेगळं पाहिलं तर दोन्ही धोरणं शहाणपणाची आहेत. एकाच घराच्या बिलावर एकत्र आली की मात्र पहिल्याचं अनुदान दुसऱ्याच्या खिशात जातं.

तेव्हा नियम बदलावे लागतील, हे मान्य. प्रश्न आहे तो कोणासाठी आणि कधीपासून.

इथे मला एक विसंगती दिसते आणि तिचं समाधानकारक उत्तर मला कुठेच सापडलेलं नाही. सौर कृषी वाहिनीत एखादी कंपनी गायरानावर प्रकल्प उभारते तेव्हा तिच्याशी 25 वर्षांचा वीजखरेदी करार होतो. दर ठरलेला. पुढे बाजारात सौर वीज दोन रुपयांवर आली तरी कंपनीला ठरलेलाच दर मिळणार, आणि मिळायलाच हवा, नाहीतर तिला कोणती बँक कर्ज देईल? घरगुती ग्राहकही नेट मीटरचा करारनामा करतो. त्याची मुदत 20 वर्षांची आहे. पण हिशेब मात्र विनियमांनुसार, आणि विनियम बदलते. म्हणजे नातं वीस वर्षांचं, भाव दरवर्षीचा. पाच मेगावॉटवाल्याला जी शाश्वती आपण बँकेच्या भाषेत समजून घेतो, ती तीन किलोवॉटवाल्याला द्यायला हरकत काय? उलट पाच मेगावॉटवाल्याकडे वकील आहे. याच्याकडे मी आहे.

बाहेर काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात डिसेंबर 2015 मध्ये तिथल्या नियामकाने नेट मीटरिंगचे दर उतरवले आणि स्थिर आकार वाढवला, आणि तोही नव्यांबरोबर जुन्या ग्राहकांनाही लावला. निवृत्तीचे पैसे घालून बसलेली माणसं रस्त्यावर आली, सोलर बसवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी राज्यातून गाशा गुंडाळला. वर्षही लोटलं नाही तोच, 2016 मध्ये, जुन्या ग्राहकांना वीस वर्षांसाठी जुन्या अटी परत द्याव्या लागल्या. 2017 मध्ये विधिमंडळाने कायदा करून नेट मीटरिंग सावरलं. शेजारच्या कॅलिफोर्नियानेही एप्रिल 2023 मध्ये कडक पाऊल उचललं. ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला तीन-चतुर्थांशाने घटवला. नव्या बसवणुकीला त्याचा मोठा फटका बसला, त्यावर तिथे वाद अजून चालू आहेत. पण जे तारखेआधी अर्ज करून आत आले, त्यांच्या वीस वर्षांना हात लावला नाही. धोरण चूक की बरोबर यावर भांडता येतं. फसवलं असं म्हणता येत नाही.

स्पेनची गोष्ट मला जास्त चटका लावते. तिथे सरकारनेच जाहिराती करून लोकांना सौर विजेत पैसे घालायला लावले आणि 2010 नंतर मागे जाऊन दर कापले. परदेशी गुंतवणूक कंपन्या आंतरराष्ट्रीय लवादात गेल्या आणि त्यांतल्या अनेकांनी भरपाईचे निवाडे मिळवले. बचत घालून बसलेल्या स्पेनमधल्याच सामान्य कुटुंबांना तो दरवाजा नव्हता.

आपल्याकडे चांगल्या पद्धतीचं उदाहरण नाही असंही नाही, आणि ते आपलंच आहे. 2020 च्या दर आदेशात आयोगाने म्हटलं होतं की राज्यातल्या छतावरच्या सोलरची क्षमता 5,000 मेगावॉटवर जाईपर्यंत ग्रिड आधार आकार, म्हणजे ग्रिड वापरण्याचा मोबदला, लावणार नाही. हे मला पटतं. मैलाचा दगड कुठे आहे हे माणसाला आधीच दिसतं. तो पुढचं पाऊल टाकायचं की नाही ते ठरवू शकतो. ग्रिड वापरतो तर त्याचं मोल द्यायला माझी ना नाही. रात्रभर मी ग्रिडच्या जिवावरच असतो, आणि दिवसाही. वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, छतावर कडक ऊन असलं तरी घरात पंखा फिरत नाही. (हे बसवेपर्यंत ग्राहकाला कोणीच सांगत नाही. पहिल्या लोडशेडिंगला आमच्या कॉलनीत तीन घरांतून व्हेंडरला शिव्या गेल्या.) तेव्हा आकार लावा, पण किती, कोणाला आणि कोणत्या तारखेनंतर जोडणी घेणाऱ्याला, ते आधी सांगून लावा.

पत्र लिहायला बसलोच आहे तर 31 मार्चबद्दलही लिहितो. महिन्याच्या महिन्याला शिल्लक राहिलेली युनिटं पुढे ओढली जातात, आर्थिक वर्ष संपलं की उरलेली महावितरण अगदी कमी दराने विकत घेतं आणि 1 एप्रिलला पाटी कोरी होते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे 31 मार्चचं महत्त्व मला कोणी शिकवायला नको. पण सूर्याला आर्थिक वर्ष माहीत नाही. आमच्या भागात नोव्हेंबरपासून आकाश निरभ्र, थंडीमुळे पॅनलची कामगिरी चांगली आणि घरात पंखासुद्धा बंद. शिल्लक वाढायला लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चढतं, शिल्लक आणखी फुगते. बिलावर ‘निर्यात’च्या रकान्यातला आकडा पाहून माणूस खूश होतो. आणि ऐन एसी-कूलर सुरू व्हायच्या तोंडावर, 31 मार्चला, ही सगळी शिल्लक मातीमोल भावात जाते. मग जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा त्याच घराला पूर्ण दराने वीज घ्यावी लागते. वर्षाअखेर 31 मार्चऐवजी 30 सप्टेंबरला केली तर हिवाळ्यातली शिल्लक पावसाळ्यात कामाला येईल. महावितरणच्या हिशेबाच्या सोयीपलीकडे 31 मार्चला दुसरं काही कारण असेल तर ते आपल्या कारणमीमांसेत वाचायला मला आवडेल.

यात ज्यांना छतच नाही त्यांचा विषय आयोगासमोर कधीतरी नीट यायला हवा. सात मजली सोसायटीची गच्ची अठ्ठावीस घरांची. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी किलोवॉटमागे 18 हजारांचं केंद्रीय अनुदान आहे, पण त्यातून प्रत्येकाच्या घरातलं बिल कमी होत नाही. भाडेकरूचं तर नावच नको. राज्याने शंभर युनिटांच्या आतल्यांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी वेगळं अनुदान जोडलं हे बरं झालं. पण त्या घरांच्या एक किलोवॉटला तर नियम बदलण्याचा धोका सर्वांत जास्त बोचेल. त्यांचं युनिट आधीच सहा रुपयांचं; त्यातलं रात्रीचं वगळलं तर हातात काय राहणार?

‘बॅटरी लावा’ हा सल्लाही हल्ली सर्रास दिला जातो. दुपारची वीज साठवायची, रात्री वापरायची, ग्रिडवरचा ताण कमी. तत्त्वतः बरोबर. संध्याकाळच्या महागड्या तासांवर खरा उपाय तोच असेल. पण सूर्यघरचं अनुदान किलोवॉट मोजून मिळतं, साठवण मोजून नाही. दुपारच्या विजेचा भाव पाडायचा आणि साठवणीला दमडी द्यायची नाही, हे कसं चालेल? महावितरणला संध्याकाळी सातची वीज हवी असेल, तर संध्याकाळी सातच्या युनिटाला चांगला भाव द्या. लोक आपणहून बॅटरी घेतील. दंड करून माणूस जितका हलत नाही तितका भावाने हलतो; हे मी शेतकऱ्यांच्या पीककर्जात वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता नेमकं काय हवं ते. अटल हमीची भाषा मी वापरत नाही. आयोगाचे अधिकार वीज कायद्याने दिलेले आहेत आणि ते कोणी बांधून घेणार नाही, हे मला माहीत आहे. पण छतावरच्या सोलरसाठीच्या आयोगाच्या 2019 च्या विनियमांत एक कलम घालता येईल. बदल लागू होण्याच्या तारखेआधी ज्याची जोडणी कार्यान्वित झाली, किंवा ज्याचा अर्ज मंजूर झाला, त्या घरगुती ग्राहकाला जोडणीच्या तारखेपासून करारनाम्यातली 20 वर्षं संपेपर्यंत युनिटास युनिट फिटण्याची आणि शिल्लक पुढे नेण्याची तेव्हाची पद्धत लागू राहील. वीस फार वाटत असतील तर निदान दहा, म्हणजे सूर्यघरच्या कर्जाची मुदत तरी निघून जाईल. दर वाढले-कमी झाले तर ते आम्हालाही लागू होतील, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती वजाबाकीची रीत मधेच बदलण्याबद्दल. घर विकलं तर ही अट नव्या मालकाकडे जावी, हेही त्याच कलमात असू द्या. सोलर घराला चिकटलेलं असतं, माणसाला नाही.

दुसरं, असा कोणताही प्रस्ताव याचिकेच्या शेकडो पानांत पोटात घालून येऊ नये. तो स्वतंत्रपणे, मराठीत, एका पानाच्या सारांशासह प्रसिद्ध व्हावा आणि 300 युनिटांच्या घरावर त्याचा काय परिणाम होतो, हे त्यात आकड्यानिशी दिलेलं असावं. वर मी केलेली आकडेमोड महावितरणला अर्ध्या तासाचं काम आहे. ती चुकली असेल तर त्यांनी आयोगासमोर खोडून काढावी.

यापुढे विनियमांत दुरुस्ती सुचवली गेली, तर जनसुनावणी मुंबई-पुण्याबरोबर सातारा, लातूर, अकोला अशा ठिकाणीही घ्यावी आणि ती कामाच्या दिवशी भरदुपारी न ठेवता रविवारी ठेवावी, ही विनंती. मी येईन. बिलांची पिशवी घेऊन येईन. कॉलनीतली आणखी चार-पाच माणसंही येतील, त्यांतल्या दोघांचं कर्ज अजून फिटायचं आहे.

कळावे,

आपला,
एक घरगुती वीजग्राहक आणि निवृत्त बँक कर्मचारी
सातारा